धाकूने खोडलेली नऊ कलमं

आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्यावर लिहायची रीत आहे. धाकू भाटकर अजून आहे. रत्नागिरीशेजारी मिऱ्यावर राहतो, गुडघ्यावर हात ठेवून चालतो, आणि मी त्याच्यावर लिहितोय हे कळलं तर म्हणेल, "पुढारी, दुसरं काय काम नाय काय?" काम पुष्कळ आहे. पण रत्नागिरीच्या मोटार स्टँडवर त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकून ऐकून मी कंटाळलो आहे. म्हणे ब्रेकमधलं काही कळत नसताना त्याने मोटार एजंटाची दुरुस्त्यांची यादी खोडली आणि बावीस माणसं दरीत घालायची तेवढी बाकी ठेवली. त्या दिवशी मोटारीत त्याच्या शेजारी मी बसलो होतो. यादीवर रेघा ओढणारा हातही माझाच होता. म्हणून लिहितो.

धाकूचा बाप शिवा तांडेल. त्याचा एक मचवा होता. पावसाळ्यात तो वर ओढून नारळाच्या झापांखाली ठेवायचा, आणि नारळी पुनवेच्या आधी शिवा हातात लाकडी मोगरी घेऊन त्याच्याभोवती फिरायचा. एकेका फळीवर हलकी ठोक मारायची आणि कान लावायचा. "चांगली फळी बोलते," तो लहान धाकूला सांगायचा, "कुजलेली गप बसते. जी गप बसते तिला आधी बघ." सुतार म्हणे पाच फळ्या बदला. शिवा म्हणे दोन. त्या दोनच बदलायच्या, आणि मचवा समुद्रात जायचा. असा तो बावीस वर्षं गेला. फळ्यांचं झालं की घरातल्या आणि शेजारच्या बायका येऊन लाकडाला माशाचं तेल चोळायच्या. तिथे हात आखडता घ्यायचा नाही. लाकूड पिईल तेवढं पाजायचं, खाली ओघळलं तरी चालेल. ज्या बाईचं तेल ओघळलं नाही ती चिक्कू. हे तेल पुढे येणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

चौदाव्या वर्षी धाकू आगबोटीत बसून मुंबईला गेला. गिरणीत लागला नाही, तर एका गॅरेजात मोटारी पुसायला राहिला. आठ वर्षांत पुसणाऱ्याचा मिस्त्री झाला. मिस्त्रीपणापेक्षा तिथे एक गोष्ट तो जास्त शिकला. गॅरेजाच्या पुढच्या अंगाला काचेची खोली होती आणि तिथे एक कारकून बसायचा. गाडीखाली जाणारा माणूस वेगळा, आणि कुठली कामं करायची याची यादी लिहिणारा तो कारकून वेगळा. "तो गाडीकडं बघायचाच नाय," धाकू सांगतो. "मालकाच्या बुटांकडं बघायचा. नवे बूट, बारा कलमं. जुने बूट, सात. अनवानी कोन आलाच, तर त्याला सांगायचा, शेटला पाठव."

बाप हिवतापाने गेला, मचवा विकला गेला, आणि आईकडे बघायला कोणी नाही म्हणून धाकू परत आला. ते साल अठ्ठावीस असावं. त्याच सुमारास मिऱ्याच्या आवडाबाईने जुनी लॉरी घेतली होती. सुक्या मासळीचा तिचा धंदा. डोक्यावर टोपल्या घेऊन पालीपर्यंत चालणारी बाई, नवऱ्यामागे एकटीने उभी राहिली आणि एक दिवस सरळ मोटार घेऊन आली. लोक हसले. "बायच्या मोटारीत बसलं तर कपड्यांना बोंबलाचा वास मारल," म्हणाले. वास मारायचाच. पण मोटार वेळेवर सुटायची, म्हणून हसणारेही बसायचे. चालवणारा धाकू. आठवड्यातून दोनदा मासळी, बाकीचे दिवस उतारू. रत्नागिरी, हातखंबा, पाली, लांजा.

माझी त्याची ओळख झाली ती ड्रायव्हर-क्लीनरांची सभा बांधायला मी स्टँडवर फिरत होतो तेव्हा. धाकूने वर्गणी दिली नाही. म्हणाला, "भाषन करताव ते बरं हाय, पन इंग्रजी येतं काय?" येतं म्हटलं. कुठल्या शाळेत नाही शिकलो. औषधाच्या बाटल्या, मालाची खोकी आणि माझ्यावर निघालेली समन्सं वाचून शिकलो. त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढला. "मग हे वाचा."

ती एजंटाची यादी होती. कोल्हापूरच्या एका मोटार एजंटाने आपल्याकडून गेलेल्या गाड्या बघायला एक माणूस ठेवला होता. तो महिन्यातून एकदा यायचा, गाड्यांना एकेक चक्कर मारायचा, आणि प्रत्येक मालकाच्या हातात असा कागद ठेवायचा. कामं सगळी कोल्हापूरच्या कारखान्यात, गाडी पंधरा दिवस तिकडेच. इंग्रजी असल्यामुळे मालक घाबरायचे. डॉक्टर, वकील ज्यांना वाचता यायचं तेही घाबरायचे, कारण वाचलेलं काय आहे ते कळायचं नाही.

तिथून आमचा धंदा सुरू झाला, बिनपैशाचा. स्टँडच्या पायरीवर आम्ही दोघं बसायचो. मी वाचायचो, धाकू गाडीपाशी जाऊन यायचा, आणि सांगायचा: ठेवा, नाहीतर खोडा. पेन्सिल माझी. एका डॉक्टरांच्या यादीत होतं, इंजिनातली काजळी खरवडणे.

"चढावर गाडी खोकते काय?" धाकूने डॉक्टरांना विचारलं.

"नाही."

"धक्के देते?"

"नाही बुवा."

"मग कशाला तिचं नाक शिंकरताव? खोडा, पुढारी."

पुढचं कलम, रेडिएटर खास औषधाने धुणे. धाकू म्हणाला, "तुमी बऱ्या मानसाला औषद देताव काय, डॉक्टर?" डॉक्टर हसून हसून लाल झाले. म्हणाले, "धंद्याचं विचारू नकोस." पाणी वर्षातून एकदा सोडून नवं भरा, एवढंच त्याचं म्हणणं. ऑइल पाचशे मैलांनी बदला असं लिहिलेलं असे. धाकू थेंब दोन बोटांत चोळायचा, वास घ्यायचा, मग सांगायचा आता की दोन महिन्यांनी. इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची लाकडी मूठ कानाला लावायचा, आणि असा उभा राहायचा की जणू कोणी आतून गुपित सांगतंय.

पण तो सगळंच खोडायचा नाही. हे लोक विसरले. त्याचा एक कायदा होता आणि तो त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "जे गाडी थांबवतं, जे गाडी वळवतं, आनि जिथून आग लागते. ह्या तिघांना उघडून बघितल्याशिवाय नाय म्हनायचं नाय. बाकीची गाडी आधी सांगते, मग बिघडते. हे तिघं सांगत नायत."

हा कायदा मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टँडवर टांगला. खाली लिहिलं: एजंटाची यादी धाकू भाटकरास दाखविल्याशिवाय गाडी कोल्हापुरास धाडू नये. धाकूला तो पुठ्ठा आवडला नाही. "नाव कशाला घातलंत?" म्हणाला. मी ऐकलं नाही. दोन वर्षांत राजापूरहून, संगमेश्वराहून माणसं याद्या घेऊन यायला लागली. धाकूच्या शब्दाला वजन आलं, आणि ज्याचा शब्द चालतो त्याला चुकायची सोय राहत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पस्तीस सालच्या शिमग्याआधी आठ दिवस आवडाबाईच्या लॉरीची यादी आली. अकरा कलमं. एजंटाचा माणूस हरिश्चंद्र स्वतः कागद घेऊन उभा होता. तरुण, टाय लावलेला, घामाने टाय भिजलेला.

"नाव हरिश्चंद्र," आवडाबाई म्हणाली, "आनि कागद असा! आरं, पंदरा दिवस मोटार कोल्लापुरात राहिली तर शिमगा काय टोपलीत बसून करू? मुंबईची आगबोट यायचीय."

शिमग्याला मुंबईचा चाकरमानी गावी येतो. आगबोटीतून उतरणारी माणसं लांजाकडे न्यायची, हीच तिची वर्षाची मोठी कमाई. मोटार त्या आठवड्यात रस्त्यावर असणं म्हणजे तिचं वर्ष.

"मावशी, मी लिहिलं ते कंपनीच्या नियमाने," हरिश्चंद्र म्हणाला. "कामं झाली नाहीत तर आमची जबाबदारी नाही. पुढच्या वर्षी परवान्याच्या वेळी शिक्का मागितला तर मी काय सांगू?"

"दमदाटी करू नका!" मी ओरडलो. धाकूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाचा, पुढारी."

मी वाचत गेलो. रंग. खोडा. काजळी. खोडा. औषध. खोडा. पंख्याचा पट्टा, मॅग्नेटो, मागच्या स्प्रिंगची पानं, वॉल्व्ह. धाकू प्रत्येकासाठी उठला, बघून आला, खोडा म्हणाला. सुकाणूचा सांधा. स्टिअरिंगला तो नेहमी सुकाणूच म्हणायचा. हलवून बघितला, "ठेवा. हे इथं मीच करतो." पेट्रोलची नळी झिरपत होती. "हेपन ठेवा."

मग चाकं. चारही चाकं नवी घ्या असं लिहिलं होतं. त्या लॉरीच्या चाकांना लाकडी आरे होते, आणि फाल्गुनातल्या उन्हाने ते सुकून करकरत होते. धाकूने घरून बापाची मोगरी आणली. एकेका आऱ्यावर ठोक. सगळे थांबून ऐकत होते.

"बोलतायत," तो म्हणाला. "कुजलेले नायत, तहानलेत. तेल पाजा त्यांना. खोडा."

शेवटचं कलम, ब्रेकचे पट्टे. हरिश्चंद्र पुढे आला. "भाटकर, बाकीचं जाऊ द्या. ब्रेकचं खोडू नका."

"उघडून बघितलेत तुमी?"

त्याने भिजल्या टायने कपाळ पुसलं.

"मी बघतो." आणि धाकूने तिथेच मागचं चाक काढलं, ड्रम उघडला. ड्रम म्हणजे चाकाच्या पोटातलं पसरट पातेलं. ब्रेक दाबला की आतले पट्टे त्याला घासतात आणि चाक थांबतं. पट्ट्याला त्याने नख लावलं, मला दाखवलं. निम्म्याहून जास्त जाडी शिल्लक होती. ब्रेक मागच्या दोनच चाकांना होते, म्हणून दुसऱ्या बाजूचंही चाक काढून बघितलं. तसंच. "पावसाळ्याआधी बदलू. आता नको. खोडा."

मी रेघ ओढली. अकरातली नऊ गेली. ती नऊच्या नऊ बरोबर खोडली होती, हे मी आजही सांगतो, कोणाच्याही समोर सांगतो.

सुकाणूचा सांधा आणि नळी धाकूने दोन दिवसांत केली. आगबोट यायच्या आदल्या दिवशी दुपारी लॉरी आवडाबाईच्या अंगणात होती. धाकू स्टँडवर होता, कारण मी त्याला बोलावलं होतं. एक नामांकित वकील आपली यादी घेऊन आले होते आणि चार माणसं बघायला जमली होती. आवडाबाई मधेच येऊन विचारून गेली, "आऱ्यांना तेल लावू काय रे?"

"लाव गो बाय. फडक्यानं लाव, बेतानं."

"आमाला नको शिकवूस," ती म्हणाली आणि गेली.

तो उठायला लागला होता. मी म्हटलं, "बस रे, वकीलसाहेबांचं होऊ दे." तो बसला. वकीलसाहेबांना घाई नव्हती, मलाही नव्हती.

अंगणात आवडाबाई आणि तिची जाऊ येसूबाई यांनी आऱ्यांना तेल पाजलं. फडक्याने नाही, नारळाच्या करवंटीने, मचव्याला पाजतात तसं, ओघळेपर्यंत. मग लॉरी उन्हात उभी राहिली. मचव्याचं ओघळलेलं तेल वाळूत जातं. चाकाचं ओघळलेलं तेल कुठे जातं, हा विचार मिऱ्यावरच्या कुठल्या बाईने का करावा?

दुसऱ्या दिवशी बंदरावर बावीस माणसं लॉरीत चढली. ट्रंका, वळकट्या, कोणाच्या हातात ताशा. लांजाचा रावजी नावाचा गिरणीकामगार सगळ्यात मोठ्याने बोलत होता. तीन वर्षांनी येत होता तो. पालखी खांद्यावर घेऊन नाचवायचा मान यंदा त्याच्या घराकडे होता. "तीन वरसं गिरनीत साचा बघितला," तो म्हणाला, "आता पालखी नाचवतो बघा. धाकूदादा, हाकला!" तो मागच्या फळीवर उभाच राहिला. बस म्हटलं तर म्हणे, गावाचं वारं खातोय.

हातखंब्यापर्यंत ठीक. पालीच्या अलीकडे धाकू पुटपुटला, "पाय जरा खोल जातोय." पालीला उतरून त्याने ब्रेकच्या दांड्या बघितल्या, एका ठिकाणी पीळ आवळला. ड्रम उघडला नाही. चारच दिवसांपूर्वी त्याने तो स्वतः उघडून बघितला होता. पाय थोडा वर आला. निघालो.

अंजणारीच्या उताराला लागलो तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, कोन बांगडे तळतंय?"

"ही आवडाबायची मोटार, हिच्यात मासे आपले आप तळतात!"

सगळे हसले. मीही हसलो. धाकू हसला नाही. त्याच्या नाकपुड्या फुलल्या, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याच्या पायाकडे बघितलं. पाय तळाला टेकला होता आणि लॉरी वेग घेत होती. हातब्रेक ओढला, तोही त्याच ड्रमांतला. खालचा गियर घालायला गेला, गियरच्या दातांनी नुसती किंकाळी फोडली. डावीकडे जांभ्याची तासलेली दरड, उजवीकडे काहीच नाही. धाकू एवढंच म्हणाला, "धरा." आणि नुकत्याच बसवलेल्या सुकाणूच्या सांध्याच्या जोरावर त्याने लॉरी दरडीला लावली. ढकलून दिली नाही, घासत नेली, चाळीस-पन्नास हात. मग थांबली.

एकवीस माणसं खरचटून उठली. रावजी उठला नाही. फळीवरून पडून त्याचा पाय लॉरी आणि दरड यांच्यामध्ये सापडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. धाकूचा गुडघा सुजून गेला होता, ते त्याला संध्याकाळी कळलं.

बैलगाडी बोलावून रावजीला घरी धाडलं. तो ओरडत नव्हता, नुसता "माजी पालकी" म्हणत होता. गाडी वळणाआड गेल्यावर धाकूने तिथेच, रस्त्यात, लंगडत मागचं चाक काढलं. ड्रम उघडला. आतले पट्टे काळे, ओले, चकाकणारे. त्याने बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि बोट माझ्यासमोर धरलं. वास घ्यायची गरज नव्हती.

"आऱ्यांवरनं आत उतरलं," तो म्हणाला.

माझं डोकं वेगाने चाललं होतं. वीस वर्षं मी हेच केलं आहे, समोरच्याने वार करायच्या आधी आपला वार. मी खाली बसलो आणि हळू आवाजात म्हटलं, "धाकू, ऐक. हे पट्टे दोन सालांमागे एजंटानेच बसवलेत ना? माल वाईट होता म्हणायचं. हे पुसून टाक. तू तेलाचं बोललास की एजंट म्हणेल, बघा, यादी खोडली आणि काय झालं. मग प्रत्येक गाडी कोल्हापूरला जाईल. आपण सात वर्षं केलं ते सगळं धुऊन जाईल. हे तुझ्या एकट्याचं नाही."

धाकूने तेलाचं बोट सदऱ्याला पुसलं, पट्टा तसाच ठेवला. मग म्हणाला, "तो न लागणारं लिवतो. मी घडलेलं खोडू काय? मग त्याच्यात आनि माज्यात फरक काय, पुढारी?"

मी संतापलो. "तू तेल ओतलं नाहीस! आवडाबाईने ओतलं."

"तिनं तिच्या रीतीनं केलं. लाव मी म्हनलो. बघायला मी गेलो नाय." मी स्टँडवर बसवून ठेवलं म्हणून गेला नाही, हे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

पालखीच्या दिवशी तो लांजाला गेला, बैलगाडीने. मी बरोबर गेलो. रावजी ओटीवर खाटेवर होता, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. अंगणात पालखी आली होती आणि त्याचा चुलतभाऊ ती नाचवत होता. रावजीची आई राही आम्हाला बघून आत निघून गेली. धाकूने खाटेशी उकिडवं बसायचा प्रयत्न केला, गुडघा वाकेना, म्हणून उभ्यानेच सगळं सांगितलं. आरे, तेल, ड्रम. आपण सांगितलं, आपण बघितलं नाही.

रावजी पालखीकडे बघत होता. "कशाला सांगतोस रे?" तो म्हणाला. "ब्रेक गेला म्हनलं, नशिब म्हनलं, गप पडलो व्हतो. आता राग धरायला मानूस दिलास मला."

"मग धर," धाकू म्हणाला.

"धरतो," रावजी म्हणाला. "बस. प्रसाद घेऊन जा."

रावजीची गिरणीतली जागा जॉबरने, तिथल्या मुकादमाने, दुसऱ्याला दिली. पाय जुळला, पण आखूड राहिला. आता तो लांजात काजू फोडायच्या कामाला बसतो. धाकूशी बोलतो. राग अजून आहे. बोलणंही आहे.

शिमगा उतरला आणि हरिश्चंद्र आला, खिशात त्या यादीची नक्कल घेऊन. स्टँडवर माणसं जमली. त्याला वाटत होतं आम्ही नाकारू, आणि तो तयारीने आला होता. धाकूने सगळ्यांसमोर सांगितलं. हरिश्चंद्र ऐकत राहिला, मग टायची गाठ सैल करून म्हणाला, "म्हणजे पट्टे चांगले होते?"

"चांगले व्हते. तुमी बदलले असते तर नवेपन तेलानं भिजले असते."

"हे लिहून द्याल?"

"मला लिवता येत नाय. पुढारी लिवतील."

आणि मला लिहावं लागलं. ज्या हाताने रेघा ओढल्या त्याच हाताने. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या: ब्रेकचं कलम धाकूने खोडलं, ब्रेक गेला तो तेलाने, पट्ट्याने नव्हे. खाली धाकूचा अंगठा. हरिश्चंद्राने कागद घडी करून नेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्हाला खरं सांगू? मला वरून हुकूम आहे. दर गाडीमागे दहाच्या वर कलमं. मी गाडीखाली जातो कुठे?" त्याला शिवी द्यायला माझं तोंड उघडलं होतं. दिली नाही. दमलो होतो.

एजंटाने त्या कागदाची इंग्रजी नक्कल करून कोल्हापूरच्या आपल्या काचेच्या खोलीत लावली. त्यात खोडल्याची पहिली गोष्ट आहे, तेलाची दुसरी नाही. खाली अंगठा आहे. मी जाऊन बघून आलो, भांडून आलो, त्यांच्या शिपायाने मला बाहेर काढलं. मोटार स्टँडवर आज जी गोष्ट सांगतात ती त्या अर्ध्या कागदाची.

धाकूने लॉरी चालवणं सोडलं. कोणी काढलं नाही त्याला; आवडाबाई दोनदा घरी येऊन रडून गेली. "मचव्याला कदी हात आखडला नाय रे मी," म्हणत होती. "तुझी चूक नाय गो," हा म्हणत होता. आता तिची लॉरी वर्षातून दोनदा कोल्हापूरला जाते, अकराच्या अकरा कलमं होतात, रंगसुद्धा. "करू काय?" ती म्हणते. "धाकूचं चुकलं, तिथं माजी काय कथा?" डॉक्टरांच्या गाडीचं नाक वर्षातून दोनदा शिंकरलं जातं. पुठ्ठा मी स्वतः उतरवला.

तरी क्वचित कोणी यादी घेऊन मिऱ्यावर येतं. गेल्या महिन्यात तेच वकील आले. धाकू आता बसून उत्तर देत नाही. कलम कुठलंही असो, रंगाचं असो, तो आधी गाडीखाली जातो. तो गुडघा घेऊन खाली जायला त्याला वेळ लागतो, बाहेर यायला त्याहून जास्त. एका यादीला अर्धा दिवस. वकीलसाहेब घड्याळ बघून चहा प्यायला निघून गेले.

मी दगडावर बसून वाचत होतो. तो एकेक चाक काढत होता, ड्रमाला नाक लावत होता.

"ब्रेकचे पट्टे," मी वाचलं.

"खोडा," खालून आवाज आला.

पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. सात वर्षं त्याचा शब्द आणि माझी रेघ यांच्यामध्ये मी श्वासाचंही अंतर ठेवलं नव्हतं.

"चारी बघितलेस?" मी विचारलं.

खाली पाना वाजायचा थांबला. मला वाटलं, मनाला लागलं त्याच्या.

"तीन," तो म्हणाला. "चौथा ऱ्हायला. थांबा."

आणि तो कण्हत कण्हत पलीकडच्या चाकाकडे सरकला.